इवायाचा चहा आणि मुठीएवढा स्टोव्ह

"उद्या दुपारी घनश्यामराव माझ्या हातचा चहा पिणार, आणि आठवड्याच्या आत मिताली घरी येणार," असं नीळकंठरावांनी बायकोला सांगून टाकलं. पुसदच्या एका कचेरीत पंचवीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. तारीख दिली की दिली.

सुचित्राबाई मेथी निवडत होत्या. "त्या खेळण्यावर? परवा माझं वरण ओट्यावर पालथं केलं ना त्यानं."

खेळणं म्हणजे अनिमेषचा स्टोव्ह. मुलगा पुण्यात नोकरी करायचा आणि सुट्टीत डोंगर चढायचा. त्यानं बाबांना हा मुठीएवढा स्टोव्ह दिला होता. खाली गॅसचा डबा, वर तारेचे तीन दांडे, आणि त्यावर बसेल असं दोन कपांचं पातेलं.

"वरण जड असतं," नीळकंठराव म्हणाले. "चहाचं तसं नाही."

घनश्यामराव म्हणजे लेकीचे, मितालीचे सासरे, ढाणकीकडचे कापूसवाले. दोन वर्षांपूर्वी लग्नात अख्ख्या वऱ्हाडाला चहा फिरला आणि नेमका वरबाप राहिला. कोणी विचारलंच नाही. तेव्हापासून या इवायानं, म्हणजे व्याह्यानं, पुसदच्या घरी पाण्याचा घोट घेतला नाही. तेही चाललं असतं, पण आता मितालीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, विहीणबाई तानाबाईंचीही तीच इच्छा, आणि घनश्यामराव अडून बसलेले. "जिथं मले कोणी चहाले इचारलं नाही, तिथं माह्या सुनेले कोण इचारीन?" पोरीच्या आठवणीनं सुचित्राबाई रोज संध्याकाळी तिची खोली झाडून काढायच्या, आणि ते नीळकंठरावांना बघवत नव्हतं.

त्या वर्षी कापसाचे भाव पडलेले, आणि ढाणकीला खरेदी केंद्रासमोर गाड्यांची ही रांग लागलेली. घनश्यामराव चौथा दिवस गाडीखाली काढत होते. आता रांगेतला माणूस उठून जाणार कुठं? नीळकंठरावांनी सकाळची एसटी पकडली.

"या," घनश्यामराव म्हणाले, आणि तोंड बैलांकडे फिरवलं.

"चहा करतो तुमच्यासाठी."

चौकीदार धर्मपाल लगेच आडवा आला. "कापसाच्या गाड्याजवळ इस्तो, आग, काई चालत नाही साहेब. तिकडं जा, सडकेपलीकडं."

सडकेपलीकडे कडुलिंबाचं झाड होतं. नीळकंठरावांनी स्टोव्ह मांडला, पातेलं ठेवलं, दोन कप पाणी ओतलं. पातेलं मस्त बसलं. घनश्यामराव लांबून बघत होते. शेवटी सडक ओलांडून आले.

"दोनच कप?"

"एक तुम्हाला, एक मला."

"अन् हे?" त्यांनी रांगेकडे हात केला. मागच्या गाडीचा रामसिंग, त्याच्या मागचा भीमराज, आणखी आठ-दहा जण माना वर करून बघत होते. "चार दिवस झाले, एकमेकाची भाकर खाऊन राह्यलो आमी. एकटा कसा पिऊ? मानूस सोडून चहा पाजाची तुमची रीतच हाय वाटते."

नीळकंठरावांचे कान लाल झाले. "सगळ्यांना करतो," ते म्हणाले. इथं गाडं घसरलं.

रामसिंगनं पिण्याच्या पाण्याचा गंज रिकामा करून आणला. चांगलं आठ लिटरचं भांडं. समोरच्या घरून दूध आलं. गंज स्टोव्हवर चढला आणि खालचा स्टोव्ह दिसेनासाच झाला. मग तो एका बाजूला कलंडायला लागला, कारण काळ्या मातीत गॅसचा डबा रुतत होता. भीमराजनं खाली फरशीचा तुकडा सरकवला. फरशी उतरती निघाली. तिच्याखाली छपराच्या कवेलूचा तुकडा गेला. मग गंज दुसऱ्या बाजूला कलंडला. कोणीतरी दोन बाजूंनी विटा लावल्या, तर गंज विटांवर बसला आणि आच बिचारी खालीच राहिली.

"पाणी कोमट बी झालं नाही," रामसिंग म्हणाला. "हे चूल कोनं बनवली?"

"पोरगा डोंगरावर नेतो."

"मंग डोंगरावर उपाशीच राहत असन."

विटा निघाल्या. गंज पुन्हा डुलायला लागला. घनश्यामरावांना आता बघवेना. जन्मभर भरल्या गाडीचा तोल सांभाळलेला माणूस तो. "सरका," ते म्हणाले, "हे कारकुनाचं काम नोहे." दुपट्ट्याची दोन टोकं हाताला गुंडाळून त्यांनी उकिडवं बसून गंजाचे काठ धरले. गंज थांबला. अर्ध्या तासानं चहाचा वास रांगेपर्यंत गेला.

आणि तेवढ्यात आरोळी आली, "गाड्या सरकल्या! चला, चला!"

घनश्यामरावांना हात सोडता येईना. सोडला तर दहा माणसांचा चहा मातीत, नाही सोडला तर चार दिवसांचा नंबर मातीत.

"मी घेतो गाडी पुढे," नीळकंठराव म्हणाले.

"तुमी?"

तोवर नीळकंठराव सडक ओलांडूनही गेले होते. आज रांग सरकणार म्हणून गाडी सकाळपासून जुंपलेलीच होती. त्यांनी कासरा हातात घेतला आणि बैलांना अतिशय अदबीनं म्हटलं, "चला."

बैल चालले. पण समोर नाही. धनी तिकडं लिंबाखाली बसलेला दिसत होता, तर बैल कापसासकट सडक ओलांडून धन्याकडे निघाले. नीळकंठराव कासऱ्याला लोंबकळत मागून. धर्मपाल "इस्तो, इस्तो" करत धावला आणि त्यानं स्टोव्हची कळ बंद केली, हे त्याचे उपकार. डाव्या बैलानं मान पुढे करून धन्याचा खांदा चाटला. गंज कलंडला, आणि सगळा चहा लिंबाच्या मुळात गेला.

नीळकंठरावांना वाटलं, संपलं. आता मिताली काही येत नाही.

घनश्यामरावांनी गंजात डोकावून पाहिलं. तळाशी कपभर उरला होता. त्यांनी तो त्या दोन कपांच्या पातेल्यात ओतला, रामसिंगकडे पाहिलं, त्यानं हातानंच "घ्या" म्हटलं. घनश्यामरावांनी दोन घोट घेतले आणि पातेलं इवायापुढे धरलं.

"दोन वर्षं मी रुसलो होतो, काहून चहा इचारला नाही म्हनून," ते म्हणाले. "आता समजलं. इचारला असता तरी पोचला नसता." आणि हसायला लागले. चार दिवसांत पहिल्यांदाच हसले असं रामसिंग नंतर म्हणाला. गाडीची जागा भीमराजनं राखलीच होती.

"पाठवाल ना मितालीला?" नीळकंठरावांनी भीत भीत विचारलं.

"पाठोतो. पन बाळंतिणीच्या न्हाणीचं पानी याच्यावर तापवता का?"

"छे छे," नीळकंठराव म्हणाले. घरचा गॅस संपून बारा दिवस झाले होते आणि सिलिंडरचा नंबर लागायचा होता, हे काही ते बोलले नाहीत.

पण इवायाला माणसं कळत होती. सहाव्या दिवशी मिताली आली, सोबत घनश्यामराव स्वतः, आणि खांद्यावर पोतं. पोत्यात बांधावरचे तीन काळे दगड. कंडक्टरनं त्यांचं लगेजचं तिकीट फाडलं होतं. सुचित्राबाईंनी लेकीला पोटाशी धरलं आणि दाराआड जाऊन डोळे पुसले, मग इवायाला सगळ्यात आधी चहा दिला, भरून, दोनदा.

परसात चूल मांडली गेली. तिच्यावर पुढे नातवाच्या आंघोळीचं पाणी तापलं, डिंकाच्या लाडवांचा पाकही झाला. आजवर एक भांडं कलंडलं नाही. तिसरा दगड जरा डुगडुगत होता खरा, पण नीळकंठरावांनी त्यावर उपाय शोधला. गॅसचा डबा काढून, दांडे मिटून, अनिमेषचा स्टोव्ह त्या दगडाखाली घातला. तेव्हापासून स्टोव्ह अगदी स्थिर आहे.