थॉमसकाकांचं पातेलं

विमानतळावर सुरक्षा तपासणीत थॉमसकाकांच्या पिशवीतून भांड्यांवर नावं घालायचं मशीन निघालं. हे काय, असं साहेबांनी विचारलं. काकांनी सांगत बसण्याऐवजी तिथल्या प्लगात वायर खुपसली आणि साहेबांच्याच स्टीलच्या बाटलीवर त्यांचं आडनावासकट नाव घालून दिलं. मागे आम्ही अकराजण ताटकळत, आणि काठमांडूच्या विमानाला पाऊण तास. साहेब खूश झाले. माझं डोकं फिरलं ते तेव्हापासून.

काका चारकोपला आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात. बोरीवलीत भांड्यांच्या दुकानात त्यांनी चाळीस वर्षं नावं घातली. माणूस रिटायर झाला, हात काही होत नाही. "नाव नसलेलं भांडं म्हणजे बेवारस," हे त्यांचं बायबलच्या खालोखाल आवडतं वचन. काकांनी वाटीभर साखर न्यावी आणि माझी वाटी परत यावी ती 'सौ. सुनीता गायकवाड, सेक्टर पाच' होऊन. सोसायटीच्या शिडीवर चेअरमनचं नाव घातलंय. तीन चेअरमन बदलले, शिडी अजून पहिल्याचीच.

तर आमचं चर्च नेपाळला सेवेला निघालं होतं. डोंगरातल्या एका गावात म्हाताऱ्या विधवांचा आश्रम आहे. तिथे एक दिवस राबायचं, भिंती रंगवायच्या, जेवण रांधायचं आणि चाळीस नवी ताटं वाटायची. काकांनी शिवाय एक मोठं पातेलं आणलं होतं, मार्थाकाकूंच्या आठवणीसाठी. काकू जाऊन दोन वर्षं झाली. पाळकसाहेबांनी सांगितलं, त्यावर 'ख्रिस्तवासी मार्था' असं घाला, जेवणाआधी प्रार्थना करून आपण ते आश्रमाला देऊ. स्वयंपाक माझ्याकडे होता. सकाळी आठलाच मी काकांना बजावलं की आधी पातेलं उरका, भात त्यातूनच वाढायचाय.

काकांनी आधी ताटं घेतली.

तीही अशी तशी नाहीत. एकेक बाईला समोर बसवून नाव विचारायचं. तिथे सगळ्याजणी 'आमा', म्हणजे आई, आणि जुन्या ताटांवर नुसते खाटांचे नंबर. एकदोघींना तर स्वतःचं नाव आठवायला वेळ लागला. काकांना नेपाळी येत नाही, पण लिपी आपलीच. आश्रमाच्या बाई कागदावर नाव लिहून देत आणि काका ते बघून घालत. मी दर अर्ध्या तासाने येऊन पातेल्याचं विचारत होते. काका मान वर न करता म्हणायचे, "होतंय गं."

अकरा वाजता मी एक ताट उचलून बघितलं आणि कपाळाला हात लावला. आयुष्यभर लग्नाची भांडी केलेला हात तो. प्रत्येक नावाआधी 'सौ.' घातलेलं. चाळीस विधवा, चाळीस सौभाग्यवती! आश्रमाच्या बाईंनीही वाचलं होतं, त्या माझ्याकडेच बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, काय करून ठेवलंत हे?"

"सवयीनं झालं. आता स्टीलवर खोडता येत नाही," काका म्हणाले आणि शेवटचं ताट घेतलं. एक आजी मात्र आपल्या नावावरून बोट फिरवत बसली होती. तिचं दुसऱ्या कशाकडे लक्षच नव्हतं.

एक वाजला. भात झाला, डाळ झाली, पाळकसाहेब प्रार्थनेला उभे, आणि पातेल्याचा पत्ता नाही. मी तणतणत मागच्या पडवीत गेले. काका पातेलं मांडीशी घेऊन बसले होते. त्यावर 'मार्था थॉमस साळवे' घातलं होतं. नावाआधी चार बोटं जागा कोरी.

"एक शब्द राहिलाय काका. बायका उपाशी बसल्यात तिकडे."

काकांनी मशीन बंद केलं. "दुकानात कैलासवासी, ख्रिस्तवासी किती घातले, मोजदाद नाही. हे एक होत नाही गं."

मी त्यांच्याशेजारी टेकले.

"चारकोपला सगळ्यांना ठाऊक आहे ती गेली," काका म्हणाले. "इथे कुणालाच ठाऊक नाही."

मला रडू यायला लागलं आणि त्याचाच जास्त राग आला. "मग घाला ना सौ.," मी म्हटलं. "चाळीस घातलीत, आता एक्केचाळीसावं घाला. पण लवकर, भात निवतोय."

मशीन पुन्हा घरघरलं. या वेळी काकांचा हात अजिबात थांबला नाही.

प्रार्थनेच्या वेळी पाळकसाहेबांनी पातेल्यावरचं वाचलं. पुन्हा एकदा वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"सवयीनं झालं," मी म्हटलं. "आता स्टीलवर खोडता येत नाही."

आणि भात वाढायला घेतला.