साडेअकराच्या खेळातली आई

पोस्टरवरच्या बाईच्या छातीवर निळ्या कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती. कनकमने चष्मा लावून ती नीट न्याहाळली. पट्टीखाली गळ्यापर्यंत बंद, लांब बाह्यांचं पोलकं होतं, हे तिला पक्कं आठवत होतं. ते तिनेच घातलं होतं. म्हणजे पट्टी काही झाकण्यासाठी नव्हती. झाकण्यासारखं काही आहे, असं वाटावं म्हणून होती!

"बघितलंस, भार्गवी? अजून माझ्या नावावर थिएटर भरतं! आणि तो डायरेक्टर उण्णित्तान मला नव्या सिनेमात आजी करायला सांगतो. पान कुटणारी आजी!"

"चेच्ची, ओणमपासून तुमचं 'कळवते, कळवते' चाललंय," भार्गवी म्हणाली. कनकमच्या भरभराटीच्या काळापासून तिचे केस हीच बांधत आली होती आणि तिला चेच्ची, म्हणजे ताई, म्हणत आली होती. "आज संध्याकाळपर्यंत हो म्हणाला नाहीत, तर ते दुसरीला घेणार. आणि दुसरं काम काही दाराशी उभं नाही."

"कळवीन! आधी खेळ बघते. नदीतल्या प्रसंगाला एक शिट्टी वाजू दे, की आजी गेली उडत!"

सकाळच्या साडेअकराच्या खेळाला 'तसले' सिनेमे लागतात, हे देवळातल्या हत्तीलाही ठाऊक होतं. बायका तिकडे फिरकत नसत आणि पुरुष जात ते डोक्यावरून पंचा ओढून. कनकमने भावाचं मुंडू लुंगीसारखं नेसलं, सदरा चढवला, पंचा घेतला.

"कशी दिसते?"

"देवस्थान समितीच्या चिटणीसांसारख्या."

"ते येतात?"

"सगळे येतात, चेच्ची. चालण्यावरून कळतं ना! पण कुणी कुणाला ओळखत नाही."

आत अंधारात पंचेच पंचे होते, जणू मिशा फुटलेल्या नववधूंची वरातच बसली होती! पडद्यावरची तरुण कनकम नदीकडे निघाली आणि शिट्ट्यांचा पाऊस पडला. खुर्चीतली कनकम फुलून गेली. पडद्यावरच्या पावलाला पाणी लागलं... आणि पुढच्या क्षणी ती अंगणात मिरच्या वाळवत होती!

कुठल्या तरी गावच्या ऑपरेटरने रिळातली नदी कापून खिशात घातली होती. हॉल खवळला. खुर्च्या आपटल्या, दिवे लागले.

सगळ्यांत मोठा आवाज कनकमचा होता. ती उठून उभीच राहिली. "लाज नाही वाटत? त्या थंड पाण्यात सकाळपासून उभं राहायचं आणि तुम्ही मिरच्या दाखवता!"

पंचा घसरला. रंग उतरून पांढरे झालेले केस खांद्यावर आले.

"अरे, कुणाची तरी आई आली!" मागून कुणीतरी किंचाळलं.

"कुणाची?"

"तुझी नाही ना?"

"बघतो कशाला? पळ!"

आपलीच आई असेल, या भीतीने कुणी मान वळवली नाही. चपला राहिल्या, छत्र्या राहिल्या, एक चिटणीस तर पडद्याशेजारच्या खिडकीत अडकले! बघता बघता भरलेलं थिएटर रिकामं झालं.

मॅनेजर घामाघूम होऊन आला. "अम्मा, तुमचा मुलगा कोणता? नाव सांगा, मी स्वतः घरी पोचवतो. पण माझा धंदा बसवू नका!"

"मला मुलगा नाही. ती नदीतली मीच!"

मॅनेजरने तिच्याकडे फार मायेने पाहिलं. "हो हो, अम्मा. बाहेर ऊन फार आहे. आत या, सरबत घ्या."

ऑफिसात फोन होता. कनकमने ग्लास तळापर्यंत रिकामा केला आणि नंबर फिरवला.

"उण्णित्तान सर, पांढरा विग सांगितला असेल तर नको म्हणा."

"कोण, कनकम? का, काय झालं?"

"माझेच केस चालतील. आजी मी करते."