खुर्चीला मत नसतं

नारायणनानांनी स्वतःच्या लग्नाच्या बैठकीत अध्यक्षपद सांभाळलं होतं, असं आमच्या गावात सांगतात. मुलीच्या मामाला तीन मिनिटं, मुलाच्या चुलत्याला तीन मिनिटं, रुसलेल्या आत्याला उत्तर द्यायचा हक्क. शेवटी कुणीतरी विचारलं, "अरे पण नवरदेवा, पोरगी तुला पसंत हाय का न्हाई?" नाना म्हणाले, "खुर्चीला मत नसतं."

त्यांच्या बायकोला, काशीकाकूंना, हे आजही कुणी विचारलं तर त्या म्हणतात, "माझ्यावर मतदान झालं बाबा. बहुमतानं आले मी या घरात."

नाना तेव्हा नुकतेच पंचायत समितीत शिपाई म्हणून लागले होते. पुढची सगळी नोकरी त्यांनी सभागृहात, सभापतींच्या खुर्चीमागं पाण्याचा तांब्या घेऊन काढली. डुलक्या काढणारे सभापती त्यांनी पाहिले, आपल्याच माणसांना बोलू देणारे पाहिले, आणि एकानं तर खुर्चीवरूनच चप्पल भिरकावली होती. तरी खुर्चीवरचा त्यांचा विश्वास हलला नाही. "बसणारा माणूस वाईट असंल," ते म्हणत, "खुर्ची वाईट न्हाई. ज्याचा आवाज मोठा, त्याला खुर्ची लागतच न्हाई. ती बारक्या आवाजाच्या माणसासाठी असती."

निवृत्तीनंतर त्यांनी गावालाच सभागृह केलं. नळावर भांडण लागलं की "आधी हात वर करा" म्हणून मधे उभे. मयतीत रडणाऱ्या बायकांना "एकेकीनं" म्हणाले, तेव्हा मार बसता बसता राहिला. मोबाइलवर विधानसभेचं कामकाज लावून जेवायला बसायचे. तिकडं गोंधळ झाला की हातातला घास ठेवून मोबाइलला सांगायचे, "बसा, सन्माननीय सदस्य, बसा." सभागृह तहकूब झालं की नानांचं जेवणही तहकूब.

ग्रामपंचायतीत दोन पॅनल अडून बसले, तेव्हा नाना उपसरपंच झाले. दोन्ही बाजूंचं एकाच गोष्टीवर एकमत होतं : "याला मतच न्हाई बे. याला करा."

मला नाना आवडत नसत, हे सरळ सांगतो. गेवराई तालुक्यातलं आमचं गाव गोदावरीच्या काठावर आहे, आणि आमची नदी रोज टिप्परमध्ये भरून जाते. वाळूच्या धंद्यातल्या माणसाला गावात नुसतं 'भाऊ' म्हणतात, नाव कुणी घेत नाही. अशा गावात मत नसलेला माणूस म्हणजे जुलमाचा बिनपगारी नोकर, असं मी एका पत्रकात छापलं होतं आणि ते नानांच्याच हातात दिलं होतं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. म्हणाले, "चांगलं लिवलंय. समोरच्या बाजूचं बी छापणार का?"

मग चांदभाई गेले.

चांदभाई नदीच्या वाळूत टरबुजाची वाडी करायचे. वाडीवर जायला पाण्यातून एक उतार होता, गुडघाभर पाण्याची वाट. जन्मभर ते त्या वाटेनं गेले. एका पहाटे गेले आणि परत आले नाहीत. आदल्या रात्री मशिनीनं तिथली वाळू उपसली होती आणि उताराच्या जागी दोन पुरुष खोल पाणी झालं होतं. पंचनाम्यात लिहिलं गेलं : पाय घसरून मृत्यू.

महिना उलटला नाही, तोच तिथला वाळूचा घाट लिलावाला द्यायची शिफारस करण्यासाठी ग्रामसभा बोलावली. सरपंच भाऊंचे मेहुणे. ते त्या दिवशी मुद्दाम बीडला गेले, म्हणजे अध्यक्ष नाना. नाना कुणाच्या आड येणार नाहीत, याची सगळ्यांना खात्री होती.

समाजमंदिर भरलं होतं. पुढच्या रांगेत भाऊंची माणसं पाय पसरून बसली होती. नानांनी टेबलावर मोबाइल ठेवला, घड्याळ लावलं.

"विषय क्रमांक चार. ज्याला बोलायचंय त्यानं हात वर करा."

"बोलायचं कावून?" पुढून एक जण ओरडला. "डायरेक्ट मतदान घ्या की!"

"बसा. तुमाला बी तीन मिनिटं हायत. ती वरडण्यात घालवू नका."

मागच्या भिंतीजवळ एक हात वर झाला. हलीमाबी, चांदभाईंची बायको.

"आता बायका बोलणार का?" पुढच्या रांगेतून आवाज आला.

"मतदार यादीत नाव हाय त्यांचं," नाना म्हणाले. "बोला भाभी."

ती उभी राहिली. बोलेना. ओढणीचं टोक पिळत नुसती उभी. पुढची रांग हसली. "बोलना गे चाची! झोपली का?"

"भाभी उभ्या हायत," नाना म्हणाले. "उभं ऱ्हाणं बी मी बोलण्यात मोजतो. गप बसा."

मोबाइलवरचे सेकंद पळत होते. मग ती बोलली, इतक्या हळू की लोक पुढं वाकले.

"मेरा मरद वो उतार से जनम भर गया. अंधेरे में बी जाता था. पाँव कू मालूम थी वाट. कागद पे लिखे, पाँव फिसल्या. नै फिसल्या साब. वहाँ जमीनच नै थी. खड्डा था. तुमे खड्डा लिखो, बस. और वो खड्डा किसने—"

मोबाइल वाजला.

"वेळ संपला भाभी," नाना म्हणाले. "बसा."

मी उठून ओरडलो, "नाना, नाव घेऊ द्या तिला!"

"तुमची पाळी न्हाई. बसा."

ती बसली. मतदान झालं. विरोधात आम्ही बोटावर मोजण्याइतके. नानांनी हात दोनदा मोजले आणि आवाज न हलवता सांगितलं, "ठराव बहुमतानं मंजूर." मग ग्रामसेवकाकडं वळले. "लिहा. विषय चारवर हलीमाबी यांचं म्हणणं."

"चर्चा झाली, एवढं लिहितो की नाना."

"त्यांचेच शब्द लिहा. पाय घसरला न्हाई. खड्डा होता."

भाऊंचा माणूस ताडकन उठला. "एका बाजूचं कावून लिवता?"

"तुमाला तीन मिनिटं दिलती. तुमी 'डायरेक्ट मतदान' म्हणालात. ते बी लिवलंय. त्यांना बी तीनच, सगळ्यांसमोर मोजून. एक सेकंद जास्त दिला असंल तर सांगा."

तो खाली बसला. ग्रामसेवकानं लिहिलं.

मला ते पुरलं नाही. माझ्या कानात नुसतं 'बसा भाभी' घुमत होतं. घरी जाऊन पत्रक लिहिलं, मथळा दिला 'खुर्चीतला मुडदा', आणि चार दिवसांनी भर दुपारी ते नानांच्या तोंडावर मारायला त्यांच्या घरी गेलो.

आत हलीमाबी काशीकाकूंजवळ चटईवर बसली होती. नाना तिला ग्रामसभेच्या इतिवृत्ताची नक्कल वाचून दाखवत होते.

मी दारातच म्हणालो, "त्या दिवशी नाव घेऊ दिलं असतं, तर आज वाचायला काहीतरी असतं."

नानांनी मान वर केली नाही. "नाव घेतलं असतं तर पानच ऱ्हायलं नसतं. एक सेकंद जादा दिला असता, तर पक्षपात म्हणून सभाच रद्द केली असती त्यांनी. मग खड्डा बी गेला असता."

"बैठ रे," हलीमाबी मला म्हणाली. "तेरे कू क्या मालूम. ये नाना रोज शाम कू हमारी वाडी पे आता था. इत्ता बोलता था, इत्त्या गाल्या देता था सबकू! सरपंच कू, भाऊ कू. मेरा मरद हसता, बोलता, आहिस्ता रे नाऱ्या, नदी सुन रही."

नानांना मत होतं. सगळ्या गावाबद्दल होतं. ते ऐकणारा माणूस एकच होता, आणि त्याच्याच बायकोला त्यांनी मोजून तीन मिनिटांत खाली बसवलं होतं. काशीकाकू हळूच मला म्हणाल्या, "महिना झाला, घरात शब्द न्हाई यांचा."

"कहाँ है वो?" हलीमाबीनं विचारलं. तिला वाचता येत नाही. नानांनी तिचं बोट धरून कागदावर ठेवलं. "हे बघा. खड्डा." तिनं बोट तिथून काढलं नाही.

बाहेरून टिप्पर गेला. मांडणीवरची भांडी थरथरली. पूर्वी ते रात्री चोरून जायचे, आता ठराव झाल्यापासून दिवसाढवळ्या जातात.

नाना उठले. त्यांनी दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या आणि उंबऱ्यावर उभे राहिले.

"चांदभाईला मारलंय यांनी," ते रस्त्याकडं बघून म्हणाले.

समोरच्या घराचं दार आतून हळूच लागलं. त्याच्या शेजारचंही लागलं.

नाना परत म्हणाले, आणखी मोठ्यानं.