प्रशस्तिपत्रातला वाफा

येळ्ळूरच्या सौरवसारखा डबा भरणारा माणूस अख्ख्या बेळगावात नव्हता! जेवणाचा नव्हे हो. मच्छे गावातल्या सॉफ्टवेअर कंपनीत तो वेबसाइटी 'कंटेनर' नावाच्या कॉम्प्युटरमधल्या डब्यात भरायचा. वेबसाइट, तिला लागणारं सगळं सामान, आणि कशानंतर काय भरायचं याची ओळीने लिहिलेली कृती. कृती जमली की डबा कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडा, चव तीच!

गावच्या भातपीक स्पर्धेची प्रशस्तिपत्रं छापणारी वेबसाइट त्यानेच केली होती. पहिला नंबर त्याच्याच वडिलांचा, मारुतीरावांचा! पोरगं दिवसभर बसून नेमकं करतं काय, हे आज बक्षीस समारंभात गावाला कळणार होतं.

"सगळं घातलंस न्हवं रं? मीठबीठ?" निघताना मालुबाईंनी विचारलं.

"आई, ऑफिसातली कृती हाय. बारा ओळी! काय बी ऱ्हात न्हाय."

सभागृहातल्या कॉम्प्युटरवर डबा झोकात उघडला. मारुतीरावांचा कागद छापून आला. वरची कन्नड ओळ मोत्यासारखी. खाली मराठीच्या जागी नुसते रिकामे चौकोन!

"आरं, मराठी कुठं गेली?" मागून कुणीतरी ओरडलं.

"येळ्ळूरात मराठी न्हाय? कुणाचा हुकूम हाय ह्यो?"

निम्मी सभा उभी राहिली. एकाने निषेधाचा ठराव मांडला, दुसऱ्याने अनुमोदनही देऊन टाकलं!

सौरवने कृतीच्या बाराही ओळी पुन्हा वाचल्या. त्याच्या लॅपटॉपवर मराठी फॉन्ट पहिल्यापासूनच होता, म्हणून कधी अडलं नव्हतं. ऑफिसची गिऱ्हाइकं मात्र कन्नड, त्यामुळे कृतीत फक्त कन्नड फॉन्ट. मीठच राहिलं होतं! त्याने घाईघाईने तेरावी ओळ लिहिली, डबा पुन्हा भरला, आणि दहा मिनिटांत सुरेख मराठीतला कागद बाहेर आला. टाळ्याच टाळ्या!

छाती फुगवून तो वडिलांकडे धावला. पण मारुतीराव पहिला कागद सोडायलाच तयार नाहीत! चौकोनांवर बोट ठेवून ते पाहुण्यांना दाखवत होते.

"ओरडणाऱ्यास्नी काय कळतंय? पोरानं आमचं आख्खं शिवार काढलंय बगा! वाफ्याला वाफा, मधी बांध. लई हुशार हाय माझं पोरगं!"

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. असं कौतुक सौरवने जन्मात ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं सोडून त्याने नवा कागद हळूच पाठीमागे लपवला.

तेवढ्यात शेजारच्या रानातला भावकू, म्हणजे दुसरा नंबर, कागदावर वाकला. त्याने चौकोन मोजले. पुन्हा मोजले.

"मारुतीराव, कडंचा वाफा माझा हाय!"

"कम्प्युटरनं काढलाय. खोटा कसा असंल?"

येत्या रविवारी बांधाची मोजणी आहे. सौरवला डबा घेऊन यायला सांगितलंय.