वाघाच्या पायाखालचं गाव

पाईकराव सरांच्या काखेत उशीचा अभ्रा दिसला, की आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक मोबाईल कानाला लावून बाजूला होतात. त्या अभ्र्यात उशी नसते, लहान मुलांचा चित्रांचा जगाचा ॲटलस असतो. सर तो कुठंही आणि कुणापुढंही उघडतात. भारताचं पान काढायचं, समोरच्याचं बोट धरून त्यावर आणायचं आणि विचारायचं, “सांगा, आपण कुठं हाव?”

बोट बरोबर जागी पडत नाही. पडणारच कसं? अशा ॲटलसात गावं कमी आणि चित्रं जास्त असतात. राजस्थानात उंट, केरळात हत्ती, आग्र्याला ताजमहाल. भारताच्या मधोमध एक भला मोठा वाघ काढलाय. त्याचा पुढचा पाय नागपूरवर आणि मागचा आमच्यावर. हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर, आमची वाडी, सगळा जिल्हा त्या एका पंजाखाली गेलाय.

“चित्रवाल्याला वाघ उभा करायला जागा पायजे होती,” सर म्हणतात. “त्याला वाटलं, इथं कोण ऱ्हातंय?”

एकदा तपासणीला साहेब आले. सरांनी चहाआधी ॲटलस पुढं केला. साहेबांचं बोट नागपूरवर टेकलं. सर अदबीनं म्हणाले, “साहेब, लई पुढं गेलात. गाडी मागं घ्या.” त्या वर्षी आमच्या शाळेचा शेरा कसा आला असेल, हे सांगायला नको. एका लग्नात तर आहेर देण्याआधी त्यांनी स्टेजवरच नवरदेवाला गाठलं. त्या बिचाऱ्यानं गोव्यावर बोट ठेवलं आणि नवरी लाजली. आजवर पास झाला तो एक एसटीचा कंडक्टर. चालत्या गाडीत सरांनी विचारलं, “आपण कुठं हाव?” त्यानं पुस्तकाकडं न बघताच सांगितलं, “बाळापूर गेलं, आता कळमनुरी. उतरायचं हाय का?” सरांनी खूश होऊन त्याला पान खायला घातलं.

मी सरांची एकुलती एक सहकारी. आमची शाळा दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी त्यांच्याकडं आणि तिसरी-चौथी माझ्याकडं. मधली भिंत अशी, की त्यांच्या वर्गातला भूगोल माझ्या वर्गातल्या गणितात सारखा घुसतो. त्यामुळं हा माणूस आधी कसा होता आणि नंतर कसा झाला, हे मला भिंतीपलीकडूनच कळत गेलं.

आधी सरांना गाव-जिल्हा असलं काही नको असायचं. हिंगोलीच्या पुस्तक प्रदर्शनातून त्यांनी हा ॲटलस आणला आणि वाडीतल्या पोरांना थेट जगच दाखवायला घेतलं. स्वतः हा माणूस तेव्हा नांदेडच्या पलीकडं गेलेला नव्हता. पण पहिलीतली लेकरं, नाकाला शेंबूड, चड्डीला गुंडी नाही, आणि तोंडानं सातही खंड घडाघडा. “पेंग्विन कुठं?” विचारलं की वर्ग ओरडायचा, “अंटार्क्टिका.” “कांगारू?” “ऑस्ट्रेलिया.” मी माझ्या वर्गात भागाकार शिकवत असले तरी माझीही पोरं तिकडून उत्तर द्यायची. मी तक्रार केली की सर म्हणायचे, “मॅडम, वाडी तर त्यांना जलमभर बघायची हाय. जग कोण दाखवणार?”

त्या वर्गात सगळ्यांच्या वर आवाज असायचा श्रावणीचा. तिचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. वाडीतली अर्धी घरं जातात, आणि पोरंही सोबत जातात. आमचा वर्ग दिवाळीनंतर अर्धा रिकामा होतो, त्याचं आता कुणाला काही वाटत नाही. मलासुद्धा नाही.

त्या वर्षी कारखान्याजवळच्या बाजारात श्रावणीच्या हातून आईचा पदर सुटला. कुणाच्या तरी मागं मागं चालत ती स्टेशनात गेली, रेल्वेत चढली आणि पार खाली कर्नाटकात सापडली. तिला मुलांच्या एका बालगृहात ठेवलं. पोरगी मराठी बोलते, एवढं तिथल्या लोकांना समजलं. नाव विचारलं, तिनं सांगितलं. बापाचं नाव विचारलं, तर म्हणाली, “दादा.” गाव विचारलं, तर म्हणाली, “वाडी.” महाराष्ट्रात वाड्या किती असतील, याचा हिशोब कोण करणार?

आणि मग तिनं तिथल्या भिंतीवरचा जगाचा नकाशा पाहिला. पळत गेली आणि सातही खंड दाखवले. पेंग्विन कुठला, कांगारू कुठला, सगळं सांगितलं. ते लोक चाट पडले. सहा वर्षांची पोर एवढं बोलते म्हणजे मोठ्या शहरातली, मोठ्या शाळेतली असणार. झालं. पुण्या-मुंबईच्या शाळांत तिचे फोटो गेले. इकडं तिचा बाप ज्या पोलीस ठाण्यात रडत होता, तिथं फोटो पोचलाच नाही. ऊसतोड मजुराची हरवलेली पोरगी आणि नकाशा वाचणारी सापडलेली पोरगी एकच असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. चांगल्या माणसांनी मनापासून शोधलं आणि चुकीच्या जागी शोधलं.

दीड वर्ष गेलं. मग त्या बालगृहात एक नवीन बाई कामाला लागली. तिचं माहेर परभणीकडचं. रोज जेवताना ही पोरगी भिंतीकडं बघून “काहून, काहून” पुटपुटते, हे तिनं ऐकलं आणि ती म्हणाली, पुण्यात ‘का’ला ‘काहून’ कोणी म्हणत नाही. तिथून धागा लागला.

आणायला आईबापाबरोबर सर गेले. तिथल्या मोठ्या बाईंनी कौतुकानं विचारलं म्हणे, “हिला भूगोल कोणी शिकवला? फार छान शिकवलाय.” सर बाहेर पायरीवर जाऊन बसले, ते गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा उठले. हे मला श्रावणीच्या बापानं सांगितलं.

तेव्हापासून ॲटलस अभ्र्यात गेला. आता सरांच्या वर्गात आधी पोरानं स्वतःचं नाव, बापाचं नाव, वाडी, तालुका, जिल्हा न अडखळता म्हणायचं, मग त्याला एक पान बघायला मिळतं. लघवीला जायचं तरी आधी जिल्हा सांगावा लागतो. एका पोराची त्यात फजिती झाली, तर त्याची आजी भांडायला आली. “मास्तर, लेकराची चड्डी वली झाली न् तुमी जिल्हा काय इचारून राहिले?” सर म्हणाले, “मावशे, चड्डी वाळंल.” गावात हसले सगळे. मीही हसले.

श्रावणीला मात्र ते काही विचारत नाहीत. ती परत आली ती गप्पच. मराठी तिला थोडी समजते, पण बोलायला तोंड उघडलं की कानडी येतं, मग पोरं खिदळतात आणि ती तोंड मिटते. हळूहळू तिनं उघडायचंच सोडलं. तिची आई शाळेच्या दारात येऊन मला म्हणाली, “मॅडम, लेकरू घावलं म्हणून समदे पेढे खाऊन गेले. पण माहं लेकरू माह्याशी बोलंना. पाव्हण्यावानी बसतं घरात.” मी तिला पाणी दिलं.

याच सुमारास सर दर रविवारी बाळापूरला इडली-डोशाच्या एका गाडीवर तासन्‌तास बसायला लागले. सरांना शुगर. गावात चर्चा सुरू झाली, की मास्तरला ह्या वयात डोशाचा नाद लागला. मीसुद्धा एकदा चार शब्द सुनावले. सर म्हणाले, “मॅडम, एकच खातो. बाकी नुसता बसतो.” गाडीवाला कर्नाटकातला आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दिवाळी झाली. मुकादमाचा ट्रक ठरला. सर श्रावणीच्या आईकडं गेले, मलाही घेऊन गेले. म्हणाले, “ह्या वक्ताला तिला ठिवा इथं. मी हाव, मॅडम हायत. तिची तकलीफ होऊ देणार न्हाई.” आई म्हणाली, “सर, एकदा नजरंआड झालं लेकरू. आता मेले तरी ठिवणार न्हाई मांगं.” तिचं काय चूक होतं? सरांचंही काय चूक होतं? आम्ही दोघं तसेच परत आलो.

ट्रक निघायच्या दिवशी दुपारी श्रावणी शाळेच्या ओट्यावर एकटी बसली होती. आई बोचकं बांधत होती, म्हणून तिला इथं सोडलेलं. सर हळूच जाऊन तिच्या शेजारी बसले. मी खिडकीत होते. सरांनी दोनदा घसा खाकरला आणि पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं म्हणाले, “ऊटा आयता?”

जेवलीस का, असा त्याचा अर्थ. तो मला नंतर समजला.

पोरीनं मान वर केली. सरांच्या तोंडाकडं बघत राहिली. आणि मग ती बोलायला लागली. आधी हळू, मग भराभरा. हातवारे करत होती, मध्येच दूर कुठंतरी बोट दाखवत होती, एकदा हसली, एकदा डोळे पुसले, परत बोलायला लागली. इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं एका दमात बाहेर येत होतं. सर मान हलवत होते आणि म्हणत होते, “हौदु, हौदु.” हो, हो. ट्रकचा हॉर्न वाजेपर्यंत ती बोलत होती आणि सर हो म्हणत होते. जाताना तिनं सरांचा हात दोन्ही हातांनी धरला, काहीतरी विचारलं आणि थांबली. सर म्हणाले, “हौदु.” मग ती पळत गेली आणि आपणहून ट्रकात चढली.

धूळ खाली बसली तरी सर ओट्यावरच. मी बाहेर गेले आणि म्हटलं, सर, तुम्हाला कानडी येते हे बोलला नाहीत कधी.

“न्हाई येत,” सर म्हणाले. “मला चार वाक्यंच येतात, मॅडम. त्यातलं तिनं एकबी वापरलं न्हाई.”

मग त्यांनी मला विचारलं, “शेवटाला काय इचारलं असंल तिनं? मी व्हय म्हणून बसलो.”