फ्रिट्झची वास्तुशांत

"बाबा, तुम्हाला संडासात जायला शिकवायला आजीला किती महिने लागले होते?"

हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर विचारून दाखव, अशी पैज स्वरूपाशी तिच्या जर्मन शाळेतल्या मैत्रिणींनी लावली होती. यूलिया आणि आयलिन या दोघींना मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ठसका कोणत्याही भाषेत ठसकाच असतो. म्हणून स्वरूपाने कॉर्डलेस फोन चालू ठेवून कोशिंबिरीच्या भांड्यामागे लपवला होता. ठसका लागला. चांगला वरणभातासकट लागला. फोनमधून खिदळण्याचा आवाज आला, तो तिने स्वतः खोकून झाकला.

आईने शांतपणे बाबांसमोर पाण्याचा ग्लास सरकवला. "अहो, सांगा ना तिला. आणि सीट खाली ठेवायचं शिक्षण अजून चालू आहे, हेही सांगा."

प्रश्न पैजेचा असला तरी उगाचचा नव्हता. यूलियाच्या घरी फेरेटला पिल्लं झाली होती आणि त्यातलं एक स्वरूपाने "फक्त या वीकेंडपुरतं" घरी आणलं होतं. तो वीकेंड दिवाळीत सुरू झाला आणि नाताळ उलटला तरी संपायचं नाव घेत नव्हता. फेरेट म्हणजे काय? एखाद्या मुंगसाला पोळीसारखं लाटून लांब करा, वर चोराचा मुखवटा चढवा, झाला फेरेट. याचं नाव फ्रिट्झ. तो दिवसातला बहुतेक वेळ झोपायचा, थोडा वेळ बाबांचे मोजे पळवायचा आणि उरलेला वेळ घराच्या कोपऱ्यांत शी करायचा. मुंगूस दिसणं शुभ असतं, असं बाबा एकदा चुकून बोलून गेले होते. रस्ता ओलांडताना दिसलं तर शुभ, सोफ्यामागे पाठमोरं दिसलं तर नाही, असा आईने तिथल्या तिथे निकाल दिला होता.

तर स्वरूपाचं म्हणणं सरळ होतं. रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या माणसालासुद्धा हा विषय शिकायला वेळ लागला असेल, तर फ्रिट्झलाही संधी मिळायला हवी. बाबांचा पुराव्यावर फार विश्वास. ते म्हणाले, संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत मुदत. तोवर फ्रिट्झ ट्रेमध्ये जायला लागला तर राहील, नाहीतर यूलियाकडे परत.

"आल्झो, किरकोळ काम आहे," स्वरूपा जर्मन फोडणी देत म्हणाली. आजवर तिने सर्कशीतले वाघच शिकवले होते जणू.

तिने ट्रे आणला, त्यात लाकडाच्या भुशाच्या गोळ्या भरल्या आणि शिकवणी सुरू केली. फ्रिट्झची पद्धत ठरलेली होती. आधी कोपरा हेरायचा, मग त्याच्याकडे पाठ करायची, शेपटी वर करायची आणि मागे मागे सरकायचं. बाबा गाडी पार्क करतात अगदी तसं. फरक एवढाच, की फ्रिट्झ पहिल्याच प्रयत्नात जागेवर जायचा आणि शेजारच्या गाडीला शिव्या द्यायचा नाही.

ट्रेमध्ये बसला की खाऊ, असा नियम स्वरूपाने केला. फ्रिट्झला नियम फार आवडला. तो दिवसभर ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. नुसता बसायचा, चेहऱ्यावर कष्टाचे भाव आणायचा, खाऊ वसूल करायचा आणि खरं काम उरकायला सोफ्यामागे निघून जायचा. बाबांचं जिमला जाणं साधारण याच धर्तीवर चालतं, असं आईचं निरीक्षण होतं.

शेवटी स्वरूपाने लायब्ररीतून फेरेट पाळण्याचं पुस्तक आणलं. त्यात मोलाची गोष्ट सापडली. फेरेट जिथे खातो तिथे शी करत नाही. म्हणजे नको त्या प्रत्येक कोपऱ्यात थोडं थोडं खाणं ठेवा, उरलेल्या एका कोपऱ्यात ट्रे ठेवा, की संपला प्रश्न. स्वरूपाने दह्याचे रिकामे प्लास्टिकचे डबे जमवले, त्यात फ्रिट्झचं तपकिरी कोरडं खाणं घातलं आणि घरभर मांडले. आश्चर्य म्हणजे, फ्रिट्झ ट्रेकडे वळायला लागला. अधूनमधून एखादा डबा उलटवून तिथली जागा मोकळी करून घ्यायचा, तेवढंच.

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी आई गुळाच्या पोळ्या लाटत होती. तिथूनच तिने फर्मान काढलं, की उद्या मराठी मंडळाच्या बायका येणार, ते भिकार डबे आधी उचल. स्वरूपाने आज्ञाधारकपणे उचलले. पण कोपरे रिकामे ठेवले तर इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात! तिला हवं होतं काहीतरी जड, न उलटणारं आणि दिसायला बरं. आईच्या कपाटावर एक खोका होता. त्यात पुण्याहून आणलेल्या कोऱ्या स्टीलच्या वाट्या होत्या. जड, देखण्या, भरपूर. आईची पाठ वळताच तिने त्यांत खाणं घालून त्या कोपऱ्याकोपऱ्यांत मांडल्या. त्या कशासाठी आणल्यात, याचा विचार स्वरूपाने केला नाही असं नाही. तो विचार जरा उशिरा केला.

दुसऱ्या दिवशी फ्रिट्झला ट्रेसकट बाथरूममध्ये कोंडलं. घरात फेरेट आहे हे आईने मंडळात कोणालाही कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर "शोभनाच्या हॉलमध्ये मुंगूस घाण करतं" ही बातमी संध्याकाळच्या आत हॅम्बर्गला पोचली असती. उरलासुरला वास जावा म्हणून तिने इतक्या उदबत्त्या लावल्या, की समोरच्या जर्मन आजींनी बेल वाजवून आग लागली आहे का ते विचारलं.

बायका आल्या, तिळगूळ झाला, अत्तर लावून झालं. आईने वाण द्यायला खोका उघडला. आत नुसता पुण्याचा पेपर. तिने मान वर करून स्वरूपाकडे पाहिलं. ती नजर शब्दांत सांगण्यासारखी नव्हती, पण स्वरूपाला प्रत्येक शब्द ऐकू आला.

तेवढ्यात मंडळातल्या कुसुमकाकू कोपऱ्यापाशी वाकल्या. कुसुमकाकूंचं नजर फिरवणं म्हणजे एक्स-रेच. त्यांनी हा कोपरा पाहिला, तो पाहिला, दाराआडचा पाहिला, फ्रिजशेजारचाही पाहिला. सगळीकडे कोरी वाटी, वाटीत तपकिरी धान्य, भोवती उदबत्तीचा धूर. आई काही बोलायच्या आत त्यांनीच हिशोब जुळवला. दर वर्षी मुदत वाढवून घ्यावी लागणारी नागेशरावांची, म्हणजे बाबांची, नोकरी गेल्याच महिन्यात कायमची झाली होती. कुसुमकाकूंचे यजमान दीनानाथराव मात्र अजून वर्षावर्षाच्या करारावर लटकत होते.

"शोभना, वास्तूचा उपाय केलास ना? मला का नाही बोललीस गं?" कुसुमकाकूंचा आवाज खरंच दुखावलेला होता.

आईने त्यांच्याकडे पाहिलं, रिकाम्या खोक्याकडे पाहिलं, बाथरूमच्या दाराकडे पाहिलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली. "आणि हेच वाण आहे."

मग तिने घरभर फिरून एकेक वाटी उचलली आणि धान्यासकट प्रत्येकीच्या हातात ठेवली. बायकांनी ती पदराखालून नेली.

पुढच्या आठवड्यात फोन थांबेना. वाटी आधी कोणत्या कोपऱ्यात ठेवायची? धान्य कधी बदलायचं? ते धान्य भारतीय दुकानात का मिळत नाही? आई प्रत्येकीला वेगळं उत्तर द्यायची, त्यामुळे मंडळाच्या ईमेल-ग्रुपवर या उपायाच्या दोन शाखा पडल्या आणि त्यांच्यात वाद सुरू झाला. दीनानाथकाकांनी तर प्रसाद समजून अर्धी वाटी खाल्ली. जरा मीठ कमी होतं, पण पोटाला हलकं वाटलं, असं त्यांचं मत पडलं.

खरा तमाशा झाला बाबांचा. त्याच संक्रांतीला त्यांनी मंडळात अंधश्रद्धेवर तासभर व्याख्यान दिलं होतं, स्लाइड्ससकट. आता ऑफिसच्या कँटीनमध्ये मंडळातले लोक त्यांच्या शेजारी बसून हळूच विचारायला लागले, की डॉक्टर, लोकांना विज्ञान आणि घरात वाट्या, हे कसं काय जमवता? बाबांनी घरी येऊन सांगून टाकलं, की आपण खरं काय ते जाहीर करणार. आई म्हणाली, लोकांनी अंधश्रद्धाळू म्हटलं तर चालेल, घाणेरडे म्हटलेलं चालणार नाही. बाबांचं नेमकं उलट होतं. त्यांनी फोन उचलला आणि दीनानाथकाकांना सगळं सांगितलं.

दीनानाथकाकांनी विश्वास ठेवला नाही. ठेवणार तरी कसा? बाबांचं खरं मानायचं, तर आपण अर्धी वाटी काय खाल्लं, तेही मानावं लागणार. "नागेशराव, लाजू नका," ते म्हणाले. "श्रद्धा असते एकेकाची."

बाबांनी त्यांना शनिवारी चहाला बोलावलं. प्रात्यक्षिक! फेरेट झोपून उठला, की लगेच कोपरा गाठतो, हे बाबांनी पाहून ठेवलं होतं. वाट्या गेल्यापासून फ्रिट्झ पुन्हा सोफ्यामागे जायला लागला होता. हळदीकुंकवाच्या दिवशी त्याने ट्रेमध्येच केली होती, असं स्वरूपाने सांगून पाहिलं. पण ज्याला बाथरूममध्ये कोंडलं त्याने बाथरूममध्ये केली, यात शिकवणी कसली, म्हणून बाबांनी तो पुरावा फेटाळला. मुदत शनिवारपर्यंत वाढली: ट्रेमध्ये केली तर राहील, गालिच्यावर केली, की त्याच संध्याकाळी यूलियाकडे. म्हणजे बाबांची अब्रू वाचणार आणि फ्रिट्झही जाणार, दोन्ही एकाच शीमध्ये.

शनिवारी चहा झाला. बाबांनी ट्रे हॉलच्या एका टोकाला ठेवला, फ्रिट्झच्या खाण्याची बशी गालिच्यावर मांडली, झोपलेल्या फ्रिट्झला उचलून आणलं आणि गालिच्याच्या मधोमध सोडलं. त्याने जांभई दिली. कुसुमकाकू पाय वर घेऊन सोफ्यावर बसल्या. दीनानाथकाका पुढे वाकून बघत होते. त्या प्राण्यापेक्षा त्याच्यासमोरच्या बशीतलं तपकिरी खाणं ते जास्त बघत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता.

फ्रिट्झ सोफ्यामागच्या कोपऱ्याकडे निघाला. बाबांचा चेहरा उजळला. आपल्या गालिच्यावर शी व्हावी म्हणून इतक्या आशेने बघणारा माणूस अख्ख्या जर्मनीत त्या क्षणी दुसरा नसेल. स्वरूपाने खाऊची पुडी घट्ट धरली, पण वाजवली नाही. जिंकायचं तर खरंखुरं जिंकायचं होतं तिला. फ्रिट्झ रात्री तिच्या स्वेटरच्या बाहीत शिरून झोपायचा. संध्याकाळी तो स्वेटर रिकामा असणार होता.

फ्रिट्झने कोपऱ्याकडे पाठ केली. शेपटी वर केली. एक पाऊल मागे सरकला.

मग काय वाटलं कोण जाणे, थांबला. शेपटी खाली केली, बाबांच्या पायांवरून चालत सबंध हॉल ओलांडला, ट्रेमध्ये चढला, नीट वळला आणि सावकाश, सर्वांसमक्ष, काम केलं. नाटक नव्हतं. पुरावा दिसला, आणि मागोमाग वासही आला.

कुसुमकाकूंनी हात जोडले. वाट्या उचलून इतके दिवस झाले तरी घरात केवढा परिणाम टिकलाय, मुकं जनावरसुद्धा शिस्तीत वागतंय, असं त्या म्हणाल्या. दीनानाथकाकांच्या जिवात जीव आला. जे खाल्लं ते सिद्ध झालेलं होतं. निघताना त्यांनी बशीतलं थोडं खाणं रुमालात बांधून मागून घेतलं.

दार लागल्यावर बाबांनी ट्रे उचलून पुन्हा कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाले, दिलेला शब्द म्हणजे शब्द, राहू दे त्याला. आईने उदबत्ती लावली आणि एक फेरेट आहे, चालवून घेऊ, असं स्वतःशीच म्हणाली.

स्वरूपाने फ्रिट्झला बाहीत घेतलं आणि घसा साफ केला.

"त्याबद्दलच मी एक ठरवलंय. पुस्तकात लिहिलंय, फेरेट एकटा ठेवू नये, तो उदास होतो. म्हणून उद्या यूलियाकडून त्याची बहीण येतेय. ती फक्त अजून ट्रेमध्ये जात नाही."