चटणीच्या डब्यातला बेस

धम्मरत्नचा डबा सासूबाईंनी हात लावला की वाजतो आणि हात काढला की मुका होतो, हे कळायला त्याला तीन दिवस लागले. कळल्यावर तर त्याचं डोकं आणखीच चालेनासं झालं.

पांढरकवड्याच्या बसस्टँडमागे त्याचं मोबाइल-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं आणि देवरावांच्या गायन पार्टीत तो गिटार वाजवायचा. पार्टीतला बेस गिटारवाला नोकरी लागून हैदराबादला गेला, तेव्हा देवराव म्हणाले, "आता बेसवाला आनतो तं गिटारवाला परवडत नाही. तुले घरी बसा लागन." धम्मरत्नने छाती पुढे काढून सांगितलं, की साध्या गिटारमधूनच बेस काढून दाखवतो. मोजणीच्या यंत्रात असते तसली एक आयसी, म्हणजे छोटी चिप, त्याच्या डोक्यात होती. दोन ठोके आत गेले की ती एक बाहेर सोडते, म्हणजे सूर बरोबर एक सप्तक खाली. "बुद्ध पौर्णिमेले वाजला तं तू राह्यला," देवराव म्हणाले, "नाही तं माह्याकडं दुसरा पोरगा हाय."

आयसी आणली, डाग दिले, पायाने दाबायचं बटण लावलं. या सगळ्याला एक घर हवं होतं. स्वयंपाकघरात एक प्लास्टिकचा डबा दिसला. आतली जवसाची चटणी त्याने वाटीत काढली आणि डब्याला चार भोकं पाडली. डबा सासूबाईंचा होता, रुखमाबाईंचा. झरीकडच्या खेड्यातून त्या लेकीकडे पंधरा दिवस राहायला आल्या होत्या.

"उर्वशी," त्या पंख्याकडे बघत लेकीला म्हणाल्या, "जवाईबापूले विचार, माह्या डब्याले भोकं कायले पाडले?"

जावयाशी थेट बोलायचं नाही, ही त्यांची रीत. जावई हातभर अंतरावर बसलेला असला तरी निरोप लेकीमार्फतच जायचा.

"आईले सांग, नवीन आनून देतो," धम्मरत्न भिंतीला म्हणाला.

डबा मात्र वाजेना. बटण दाबलं की गिटारसकट सगळं गप्प. तिसऱ्या दिवशी रुखमाबाई येऊन फरशीवर बसल्या आणि आपला डबा ओढून न्यावा म्हणून त्यांनी झाकणावर पंजा ठेवला. त्याच वेळी धम्मरत्नने तार छेडली. मांडणीतली भांडी थरथरली. रुखमाबाईंनी दचकून हात काढला, तर पुन्हा शांतता.

मग प्रयोग सुरू झाले. उर्वशीने हात ठेवला, काही नाही. त्याने स्वतःचा ठेवला, काही नाही. चांदीच्या पाटल्यांचा गुण असेल म्हणून त्याने सासूबाईंच्या पाटल्या मागवल्या आणि स्वतःच्या मनगटात चढवल्या. नेमका तेव्हाच शेजारचा श्रावण मिक्सर झाला का विचारायला आला, पाटल्यांकडे बघत राहिला आणि तसाच मागे फिरला.

कार्यक्रम दुसऱ्या दिवसावर आला. धम्मरत्न घायकुतीला आला होता. "उर्वशी, आईले म्हन, उद्या माह्याजवळ बसा लागते. डब्यावर हात ठेवून."

"त्याहिले सांग," रुखमाबाई म्हणाल्या, "डबा माहाच हाय. हात कोनाच्या बापाले पुसून ठेवा लागते?"

विहारापुढच्या सिमेंटच्या ओट्यावर पार्टी बसली, धम्मरत्नशेजारी डब्यावर हात ठेवून अनवाणी रुखमाबाई. पहिलं गाणं उत्तम झालं. दुसऱ्या गाण्यात मध्येच बेस बंद पडला. धम्मरत्नने डब्याकडे मान वळवली. बघतो तर रुखमाबाईंचा हात मांडीवर. कोरस सुरू झाला तसा हात परत डब्यावर, आणि बेस दणक्यात आला. नंतर हे चालूच राहिलं. गाणारा हळू आवाजात आला की हात वर, सगळे मिळून गाऊ लागले की हात खाली. त्याने डोळे वटारले. रुखमाबाई लोकांकडे बघत होत्या. त्यांना सांगायचं तर उर्वशी दूर बायकांत बसलेली. देवरावांनी दोनदा मान वळवून पाहिलं, तेव्हा आपली गिटार गेली असं धम्मरत्नने धरूनच टाकलं.

कार्यक्रम संपल्यावर देवराव आले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "कुठं वाजवाव हे तं सगळ्याहिलेच समजते. कुठं गप बसाव हे तुलेच समजलं, बावा. तुही जागा पक्की."

धम्मरत्नला काहीच समजलं नव्हतं, पण त्याने मान हलवली.

सकाळी त्याने भिंग लावून डबा उघडला. आयसीचा एक पाय कशालाच जोडलेला नव्हता, नुसता हवेत. मोजायचं की गप्प बसायचं, हे त्याच पायाने ठरत होतं. कोणाचाच हुकूम नसल्यामुळे तो जवळच्या हाताचं ऐकत होता. बाकी सगळे घरात चपला घालून फिरायचे. अनवाणी फरशीवर बसणाऱ्या एकट्या रुखमाबाईच होत्या, म्हणून जमिनीशी जोडलेला हात तेवढा त्यांचाच होता. बोटभर तारेचं काम होतं. तार जोडली, डबा कोणाच्याही हाताशिवाय वाजू लागला. दुपारच्या बसने रुखमाबाई गावी गेल्या आणि धम्मरत्नने मोठा श्वास सोडला.

पुढच्या तालमीत देवरावांनी तिसऱ्यांदा गाणं थांबवलं. बेस पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ढाब्यावर चालू ठेवलेल्या ट्रकसारखा घुरघुरत होता.

"आज काय झालं बे तुले?"

"काही नाही. डबा दुरुस्त केला."

"मंग बिघडव. रविवारी वणीले प्रोग्राम हाय."

त्याने पायाने बटण दाबून थांबायचं करून पाहिलं. जिथे थांबला तिथे वाजायला हवं होतं, आणि वाजला तिथे थांबायला. घरी येऊन त्याने डब्यातली ती तार कापली.

"आईले सांग ना," तो उर्वशीला म्हणाला.

"मी का पोस्टमन हाव? तुमचं तुमी सांगा."

शनिवारी तो एकटाच सासुरवाडीला पोचला. रुखमाबाई अंगणात बकरीला पाला घालत होत्या. जावयाला बघून त्यांनी पदर सारखा केला आणि इकडेतिकडे पाहिलं. निरोप न्यायला आसपास कोणीच नव्हतं.

शेवटी धम्मरत्न बकरीला म्हणाला, "आईले सांग, उद्या वणीले चाला लागते."

रुखमाबाईंनी बकरीच्या पाठीवरून हात फिरवला. "जवाईबापूले म्हनाव, येईन. पन तिसऱ्या गान्यात ते लय घाई करतेत. तिथं मी हात ठेवनार नाही."

धम्मरत्नने थोडा विचार केला आणि बकरीला सांगितलं, की बरं.